नायोबीचा उत्तरार्ध

नल्लकुंटा, हैदराबाद
गुरुवार

तीर्थस्वरूप मालनअक्का यांना गीताचा सविनय जयभीम.

इकडे सगळे ठीक आहेत. तुमची तब्येत कशी आहे? नांदेडच्या कोरड्या हवेत गुडघा कमी दुखत असेल. आदर्श आणि सूनबाई काळजी घेत असतील, यात शंका नाही. फोन करून विचारलं असतं, पण आदर्शच्या सांगण्यावरून असं दिसतं की मी फोन करते त्या वेळी तुम्ही नेमक्या वंदनेला बसलेल्या असता. (काल सकाळी बसल्या होतात, दुपारी बसल्या होतात, आणि तुमच्या मालिकेच्या वेळीही. भिक्खूंनाही एवढं जमत नसेल.) म्हणून पत्र.

रविवारी वाचक मंडळात जे झालं, त्याबद्दल हे पत्र नाही. तुम्ही मधूनच उठून तडक काचीगुडा स्टेशन गाठलंत, म्हणून पुढचं तुम्हाला कळावं, एवढाच हेतू. व्याख्यान माझं होतं, विषय ‘ग्रीक पुराणकथांतला गर्व आणि कला’. असल्या विषयाला माणसं येत नाहीत, हे ओळखून तुम्ही आपल्या गल्लीतल्या बायका गोळा करून आणल्यात आणि स्वतः पहिल्या रांगेत बसलात. याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आधी चहा झाला. चहाच्या वेळी तुम्ही त्या बायकांना आपल्या लेकरांविषयी सांगितलंत, आदर्शचं नवं घर, प्रणिताची बढती, आणि म्हणालात, “माझी सात लेकरं, एकाला तरी नाव ठेवून दाखवा.” हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी मी प्रोजेक्टरची वायर शोधत होते.

सुरुवात चांगली झाली, हे तुम्हीही मान्य कराल. इकॅरसचं सांगितलं: बापाने मेणाने जोडलेले पंख लावून पोरगा सूर्याजवळ गेला, मेण वितळलं, पोरगा समुद्रात पडला. एक जुनं चित्र दाखवलं. त्यात समुद्राबाहेर त्याचे फक्त दोन पाय दिसतात आणि समोर शेतकरी आपला नांगर हाकतो आहे. “त्याची पेरणी कोण करणार मग?” असं तुम्ही मोठ्याने म्हणालात. मग अराक्ने. तिने विणकामात देवीशी बरोबरी केली, म्हणून देवीने तिची कोळीण केली. त्यावर तुम्ही शेजारणीला सांगितलंत की तिच्या सगळ्या लेकी गीताच्या खोलीत राहतात, गीताला पुस्तकांतून झाडू घ्यायला सवड नसते. सभागृह हसलं. मीही हसले. (नंतर छताकडे पाहिलं. खरं आहे.)

मग नायोबी आली. ती राणी. तिला सात मुलगे, सात मुली. देवी लेटोला दोनच, एक मुलगा, एक मुलगी. नायोबी भर चौकात म्हणाली, त्या लेटोला कशाला पुजता, माझी लेकरं मोजा. ‘सात’ म्हटल्याबरोबर पहिली रांग तुमच्याकडे वळली. ‘एक मुलगा, एक मुलगी’ म्हटल्यावर तीच रांग माझ्याकडे वळली. (मला रितेश आणि प्रणिता ही दोनच आहेत, आणि नेमकी तशीच आहेत. यात माझा दोष नाही. लेटोचा तर नाहीच.) मला काहीच उमगलं नाही. मी पुढे सांगत राहिले की देवीच्या दोन्ही लेकरांनी धनुष्यं उचलली आणि नायोबीची सगळी मुलं मारली. तुम्ही उठलात. दारात थांबून म्हणालात, “आई बोलली तर आईला विचार ना. लेकरं मारती ती कसली गं देवी? तिच्या हातचं पाणीपण नक्को मला.” आणि चपला घालून गेलात.

अक्का, माझं उरलेलं अर्ध्या तासाचं भाषण एवढंच होतं. तुम्ही ते चपला घालता घालता उरकलंत.

कारण गोष्ट तिथे संपत नाही. नायोबी रडून रडून दगड होते, आणि त्या दगडातून पाणी झिरपत राहतं. पुढे दोन हजारांहून अधिक वर्षं कवी आणि शिल्पकार त्या दगडापाशी येत राहिले. लेटोकडे त्या मानाने फारसं कोणी फिरकलं नाही. माझ्याकडे पुढचंच चित्र तयार होतं: संगमरवरातली नायोबी, धाकटी लेक तिच्या मांडीला बिलगलेली, आणि ती वाकून आपलं वस्त्र पोरीवर धरते आहे, आपण पदर धरतो तसं. बाण आभाळातून येतो आहे आणि ही कापड धरते आहे. त्या चेहऱ्यावर गर्व शोधून सापडत नाही. गोष्ट रचणाऱ्यांनी धडा म्हणून रचली असेल. कलावंतांनी धडा सोडून दिला आणि आई ठेवून घेतली. हे मी सांगितलं, पण सभागृह तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतं. समारोपात अध्यक्ष नामदेवरावांनी (ते मध्ये झोपले होते) सांगितलं की या ग्रीक कथेचं सार म्हणजे छोटं कुटुंब. टाळ्या त्यांना मिळाल्या.

तेव्हापासून गल्लीत मला त्या लेटोसारखी देवी समजतात. समोरच्या भाग्यलक्ष्मीने गच्चीवरून विचारलं, “अम्मो, तुम्ही मालनअक्काच्या पोरांना शाप दिला म्हणे? आमच्या कुलदीपची परीक्षा आहे, जरा सांभाळून हां.” मी समजावलं. समजावून झाल्यावर तिने कुलदीपला माझ्या पाया पडायला पाठवलं. मंगळवारी तुमच्यासारखी येसराची आमटी केली. तुमचे दीर किशनराव ती मुकाट्याने जेवले आणि मग गाड्यांचं वेळापत्रक बघत बसले. काल पाण्याची मोटार लावली. ती लावताना तुम्ही तिच्या पाठीत एक थाप मारता, तेवढं मला माहीत होतं. ती बंद करताना काय मारता, ते माहीत नव्हतं. टाकी भरून वाहिली, पाणी गच्चीवरून खाली गल्लीत, भाग्यलक्ष्मीच्या वाळवणाच्या मिरच्यांत गेलं. मी खाली उभी होते, काही न करता. दगडातून पाणी झिरपतं म्हणजे काय, ते मी इतकी वर्षं शिकवलं. पाहिलं काल.

तिथे उभी असताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती इतक्या उशिरा यावी याचं नवल वाटलं. तुमची लेकरं पाच आहेत. सात नाहीत. प्रणिता अंगावर पीत होती तेव्हा मी नारायणगुड्याला एम.ए.च्या वर्गाला जायचे, आणि तुम्ही तिला तुमच्या धाकट्याबरोबर पाजलंत. रितेशच्या गोवरात रात्री तुम्ही जागलात, सकाळी माझा पेपर होता. शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कोणी विचारलं की तुम्ही सातच सांगत आलात. मी कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी आज जे काही चार पुस्तकं वाचलेली बाई आहे, ती तुमच्या कडेवर माझं मूल होतं म्हणून आहे. तेव्हा सात जर तुमची, तर माझ्याकडे उरतात किती? एकही नाही. एकही मूल नसलेली लेटो कुठल्याच पुराणात नाही. मी ती देवी असणं शक्यच नाही, हे आदर्शला विचारा, तो इंजिनियर आहे.

सूनबाईंना आणि नातवंडांना जयभीम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची धाकटी जाऊ,
गीता

ता.क. परत येण्याची घाई करू नका. हवं तितकं राहा. इथे काही अडलेलं नाही.

ता.क. वरचं वाक्य मोटार, दूधवाला आणि जेवण सोडून वाचावं.

ता.क. नामदेवराव पुढच्या महिन्यात माझं आणखी एक व्याख्यान ठेवायचं म्हणतात. मला आनंद झाला, पण त्यांनी लगेच विचारलं, “त्या दारातून बोललेल्या बाई येतील ना? लोक विचारतायत.” मी कळवते म्हटलं आहे.

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी किशनरावांनी पत्र वाचलं. म्हणाले, “ग्रीक आले, मिरच्या आल्या, माझं जेवण आलं. माफी कुठाय?” मी म्हटलं, सगळीकडे आहे, नीट वाचा. ते म्हणाले, “वहिनी चष्मा लावून माफी शोधत बसणार नाहीत. दोन शब्द सरळ लिही.” मी गर्वावर तीस वर्षं शिकवलं आहे, आणि ते दोन शब्द लिहायला मला पाऊण तास लागला.

चुकलं, अक्का.

या.