ताईच्या कपाळावरची आठी

वर्धा, १२ जानेवारी १९८६

ताई आज अमेरिकेला परत गेली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण कपाळ कसं गुळगुळीत. शेवटी काल विचारलंच.

"इंजेक्शन घेतलं वं. आठी भरून येते. काही महिन्यानं परत घ्या लागते."

मलेही घेऊन चाल, असं अगदी ओठांवर आलं होतं. खोटं कशाला लिहू?

आई आम्हाला आरशाशिवाय कुंकू लावायला शिकवायची. बोट धरून स्वतःच्या भुवयांमधल्या आठीवर ठेवायची. म्हणायची, "हे खाच लागली नं बोटाले, थेच जागा." पुढे तीच आठी आम्हा दोघींनाही पडली. आई गेल्यावर ताई यायची तेव्हा मी तिच्या कपाळाकडेच बघत बसायची.

आज निघताना ताईला कुंकू लावलं. सवयीनं तिच्या तोंडाकडे नीट बघितलंही नाही. बोट घसरलं, खाच सापडलीच नाही. कुंकू वाकडं लागलं. ताई हसली. मला का हसू आलं नाही?

उद्या आरशात बघितलं की पुन्हा ते इंजेक्शन हवंसं वाटेल, माहीत आहे. पण ताई गेल्यावर आरशाकडे पाठ करून कुंकू लावलं. बोट बरोबर आईपाशी जाऊन थांबलं. मग कितीतरी वेळ काढवेना.