बोरूबहाद्दर

३ नोव्हेंबर, अल खफजी, सौदी अरेबिया
पोचलो, पाठ सोडून बाकी सगळं शाबूत. तेल मुरलेल्या जमिनीवर इथल्या कंपनीनं बोरूचं बन लावलंय, त्यावर लेख लिहायचाय. सुपरवायझर मोहियुद्दीन दापोलीकडचा. सुरमई वाढता वाढता म्हणाला, शास्त्रीबुवा, आजवर नुसते बोरूबहाद्दर होतात, आता खऱ्या बोरूत आलात! मुळं तेल शोषतात, मुळांशी नांदणारे जिवाणू ते फोडतात, थोडं पानांत साठतं. मी ज्ञान पाजळलं: म्हणूनच झाड म्हणजे पादप, पायांनी पिणारं. तो हसला, पण आत बूट काढू नका, म्हणाला.

५ नोव्हेंबर
काढले. उभ्या रोपांत पायताणानं शिरायचं नाही, ही घरची शिस्त. चिखल गार, लाघवी. बांधावर आणखी एक जोडी होती, आतून कोंब फुटलेली. मोहियुद्दीन आधी माझ्यावर भडकला, मग हळूच म्हणाला, बूट हाशमचे. इथंच कामाला होता. कंपनीनं त्याची फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा मायदेशी परत, अशी दाखवलीय. पासपोर्ट मात्र ऑफिसच्या कपाटातच.

८ नोव्हेंबर
पाणी पिऊन तहान भागत नाही. बादलीत पाय सोडले की भागते. व्युत्पत्ती इतकी मनावर घेऊ नये. मॅनेजरनं लेख तयारच दिला: जमीन शुद्ध झाली. हाशमचं विचारलं, तर म्हणाला, गेला तो, खलास. पासपोर्टाशिवाय कसा, म्हटलं. त्यानं चहा मागवला.
लिहीन ते मीच.

९ नोव्हेंबर
तळव्यांना पांढरी मुळं. कात्रीनं कापली. दुखलं नाही — तेच वाईट.
मोहियुद्दीन रडकुंडीला आला. दम्मामच्या इस्पितळात चला, यल्ला. गाडी आणायला गेलाय. तोवर पुरावा हवा.

भर दुपार. बनात
वारा नाही. बोरू हलतायत.
मधला एक माणसाएवढा. पेरावर घड्याळ. मागे कोरलंय — हाशम.
पाय उचलत नाहीत. बरं. हात आहे.

नंतर
बोटांना पेरं पडली. टोक झकास. पेन फेकलं — बोटातूनच काळं झरतंय, तेलाच्या वासाचं.
जमीन शुद्ध झा— हे मी लिहिलं नाही. खोडलं.
जमीन शु— खोडलं. बोरू माझा आहे, मी बोरूचा नाही.
हाशम गेला नाही. जमीन त्याला प्यायली. तो इथंच, डावीकडे, घड्याळवाला. मी शेजारी. मोहियुद्दीन, मला कापायच्या आधी हे वाच, आणि छापून आण, माझ्याच नावा—