दुसऱ्याने बांधायचा फेटा

चैत्र वद्य तृतीया, पिंपळवंडी. दिवे लागल्यावर.

भैरोबाच्या जत्रेतल्या पळण्याच्या शर्यतीत यंदाही सखाराम पहिला आणि मी दुसरा. आमच्या गावची रीतच वाईट. जो दुसरा येतो, त्यानेच पहिल्याला फेटा बांधायचा. बांधताना मी अजून धापा टाकत होतो. दमून की जळून, कोण जाणे. सखारामाला धापसुद्धा लागली नव्हती. का लागेल? टपालाची थैली घेऊन रोज घाट चढणारा माणूस. पुण्याची मोठी शर्यतही मारून आला.

मी मुद्दाम फेटा आवळला. तर म्हणतो, "लई बेस बांधतोस भाऊ. पुण्यात शेटजीनं बांधला, तो लगेच सुटला." आणि उठता उठता म्हणाला, "पुढल्या साली मी न्हाई. मुंबईला पळायला बोलावलंय."

घरी आलो तरी तो फेटा डोळ्यांपुढून हलेना. बायकोला सगळं सांगितलं. भाकरी पुढे सारत ती म्हणाली, "मग बरंच झालं की. पुढल्या साली तुमीच पहिले."

घास तसाच राहिला. सखाराम पळालाच नाही म्हणून मिळालेला फेटा डोक्यावर घेऊन मी गावातून कोणत्या तोंडाने फिरू?