माझी चूक कुठं गेली

१९ नोव्हेंबर
सादिका म्हणते, "ताई, लोकर आहे, कणीक नाही. इतकी ओढू नको." मी काय करू — कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर पोळ्या लाटून हातच तसा झालाय. सुई टाक्यातून निघेना. ओढली, तर टाके सुटले. तिनं उचलून दिले. समोरच्या दारातली बाई, मेकॅनिकची बायको, पण विणायला लागली की बघत राहावं.
आमच्या करिष्माचं बाळ थंडीतच येणार. सासरचे बाळंतपणाला माहेरी पाठवत नाहीत. आमच्याकडं लिफ्ट नाही म्हणे. वाकडला लिफ्टच्या बिल्डिंगीत राहून पोरीला आता आमचे दोन जिने उंच वाटायला लागले. बरं. निदान बाळाच्या अंगावर तरी माझ्या हातचं काही असू दे.
शाळा चौथीत सुटली. शिवणाचा क्लास मी सोडला. हे सोडणार नाही.

२३ नोव्हेंबर
घरात उंदीर. लोकरीची पिशवी सादिकाच्या कपाटात. सकाळी चाकणच्या बसला जाताना द्यायची, संध्याकाळी आणायची.

१ डिसेंबर
स्वेटरच्या पाठीत चूक केली. सुपरवायझर डोक्यात बसला होता, उलट टाक्यांच्या जागी सुलट विणत गेले. कळलं तोवर बरीच वर आले होते. कोण उसवतंय! बाळ काय टाके मोजणार आहे?
गणराजला दाखवलं. म्हणाला, "ह्यात चूक कुठंय?" नवरा एवढं तरी कामाचं बोलला.

९ डिसेंबर
नात झाली. दवाखान्यात बघून आले. नाक आमचं आहे. करिष्माची सासू म्हणाली, "स्वेटर विणताय म्हणे. हौस आहे तुम्हाला." करिष्मा मोबाईलमध्ये बघत होती. बारसं पुढच्या महिन्यात, हॉल मिळेना म्हणून.

१२ डिसेंबर
एक बाही झाली. हात बसला वाटतं.

१७ डिसेंबर
आज पाठ आणि पुढचे भाग जोडायला बसले. ती चूक काखेत जाते का बघू म्हणून शोधली. सापडेना. खालून वर, वरून खाली बोटानं चाचपलं. नाही! सगळे टाके सारखे, सैल, मऊ. माझे टाके असे नसतातच. मग माझी चूक गेली कुठं?
तशीच उठून सादिकाकडं गेले. ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही. "ताई, दुपारी जरा नीट केलं."
जरा? मी विणून ठेवायचे, ही उसवून परत विणायची. रोज. आणि मी बसमध्ये बायकांना सांगत हिंडले — बघा, मला जमलं!
तोंडाला येईल ते बोलले. "कीव आली का माझी? कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" तिनं मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "ताई, चहा ठेवते." म्हटलं, तूच पी. पिशवी उचलली आणि आले.

१८ डिसेंबर
पोळ्या करपल्या. शिव्या खाल्ल्या.

१९ डिसेंबर
सगळं उसवून टाकणार होते. धागा ओढलासुद्धा. मग दुसरी बाही आठवली. तिचे टाके अजून घातलेच नाहीत. ती माझी. पिशवी आता पत्र्याच्या डब्यात ठेवते.

३ जानेवारी
संपला. बाही किती वेळा उसवली ते विचारू नये. टाके बंद करताना अडले, पण समोर गेले नाही. जिन्यात सादिका "ताई" म्हणाली, मी थांबले नाही.
माझी बाही घट्ट झालीय, फळीसारखी. जरा आखूडही. तिची शेजारी ठेवली की फसवलेलं सरळ दिसतं. दिसू दे. बटणं लावली. गणराज म्हणाला, "झाला की गं." मला हसू आलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

१२ जानेवारी
बारसं. करिष्मानं घडी उलगडली, ती बाही बघितली आणि मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. "आई, ही एक अशी कशी राहिली? मी सादिकामावशीला सांगितलं होतं, सगळं तूच करून दे, फक्त आईला कळू देऊ नको."
स्वेटर बाळाला घातला नाही.
त्या दिवशी मी एवढं बोलले, पण सादिकानं माझ्या पोरीचं नाव काढलं नाही.