खंडेनवमीला पुजलेली नळी

प्रति,
मेहेरबान जिल्हा मॅजिस्ट्रेट साहेब,
मुक्काम बेळगाव

विषय : अमोनिया वायू फोडण्याची नळी परत मिळणे व यल्लाप्पा लोहार यास सोडणे.
संदर्भ : आमच्या भागातील पोलिस ठाण्याचा पंचनामा, ता. २१ ऑक्टोबर १९४२.

महोदय,

१. अर्जदार निपाणी येथे हायस्कुलात विज्ञान शिकवतो. लढाईमुळे कार्बाइड मिळेनासे झाले आणि लोहारांची सांधे जोडण्याची ज्योत विझली. नवसागर व चुना एकत्र तापवला की अमोनिया निघतो. तो तापल्या लोखंडावरून नेला की फुटतो आणि त्यातला हायड्रोजन जळून सांध्याला हवी ती ज्योत देतो. मात्र लोखंड लालभडक ठेवण्यासाठी दिवसभर भाता मारावा लागतो. निकेलची पूड असली तर तेच काम बऱ्याच कमी आचेवर होते, शिवाय निकेल स्वतः खर्ची पडत नाही. अशी नळी यल्लाप्पाने घडवली, पूड मी भरली. हळदीचा ओला कागद अमोनियाने लाल होतो. आमच्या नळीच्या तोंडाशी तो साध्या शेगडीच्या आचेवर पिवळाच राहिला, म्हणजे आतला अमोनिया पुरता फुटला होता. त्या दिवशी आम्ही दोघे भट्टीपुढे नाचलो, हे मी लपवत नाही.

२. त्याच आठवड्यात फौजदारांनी बॉम्ब समजून नळी जप्त केली व यल्लाप्पास नेले. मला नेले नाही, कारण मी कोट घालतो.

३. ठाण्यात नळी बंदुकांच्या फळीवर ठेवण्यात आली. खंडेनवमीस बंदुकांची पूजा झाली, तेव्हा जमादार परशराम यांनी नळीलाही कुंकू लावले, तोंडात झेंडू खोचला व तिच्यावरच नारळ फोडला. पाणी आत गेले, निकेल नासले. विचारता म्हणाले, "मास्तर, बंदुकीच्या रांगंत हुती न्हवं? देवाचं काम हाय, एकटीलाच कसं वगळायचं?" जमादारांवर माझा राग नाही. राग पंचनाम्यावर आहे. त्यात फौजदार लिहितात : खंडेनवमीस ठाण्यात शस्त्रेच पुजली जातात, सदर नळी पुजली गेली, सबब ती शस्त्र आहे.

४. साहेब, त्या दिवशी माझ्या बहिणीने, अक्काताईने, शिवणयंत्राला हार घातला. वाण्याने तराजू पुजला. मामलेदारांच्या मोटारीपुढे भोपळा फुटला. आपल्या कचेरीतही दौतीला गंध लागले असेल. या सर्वांना आत घालायचे तर हिंडलग्याचा तुरुंग पुरणार नाही. बॉम्ब करणारा माणूस भरबाजारात, दार सताड उघडे टाकून, शेगडीवर बॉम्ब शिजवतो काय, एवढा तरी विचार व्हावा.

५. फौजदारांचा निरोप आला आहे : "नळी यल्लाप्पाच्या डोक्यातून निघाली, एवढं लिहून द्या, तुमची नोकरी शाबूत." हे धादांत खोटे आहे. कल्पना माझी, आकृती माझी, हट्टही माझाच. यल्लाप्पा तर म्हणत होता, "मास्तर, आदी इळं-खुरपी हुंद्यात, मग तुमचा वारा बगू." मी तसे लिहून देणार नाही, आज नाही आणि नोकरी गेल्यावरही नाही. त्याची बायको नागुबाई काल दारात येऊन म्हणाली, "भट्टी इझलीया. तुमी शिकल्याली मानसं, कायतरी करा की." तिला बसा म्हणण्याचेही धैर्य मला झाले नाही. लाज वाटली.

६. म्हणून ही विनंती नव्हे, वर्दी समजावी. नळी मी पुन्हा करणार आहे. फौजदारांनी अवश्य पाहायला यावे. हायड्रोजनजवळ विडी मात्र ओढू नये. आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या पहाटे मी अंथरुणाची वळकटी घेऊन ठाण्याच्या दारात उभा राहीन. त्या दारातून एक तर यल्लाप्पा बाहेर येईल, नाही तर मी आत जाईन.

नम्र आहे, पण माघार घेणारा नाही,
दत्तात्रय भिकाजी हेर्लेकर
विज्ञानशिक्षक, निपाणी
ता. ३ नोव्हेंबर १९४२

सोबत : नळीची आकृती, माझ्या सहीनिशी.