सतरावी गाठ

मिशनचं बालगृह, ता. धानोरा
२० ऑगस्ट १९८६

आदरणीय बाबांना कांताचा सविनय जयभीम, वि. वि.

इथे येऊन दहा दिवस झाले, आज कुठे बसून लिहायला सवड मिळाली. मी खुशाल आहे. आईला सांगा, भात, वरण, अंबाडीची भाजी असं दोन वेळा पोटभर जेवते. डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसण्यापेक्षा चार महिने सेवा कर, असं तुम्हीच म्हणालात. ते बरोबर होतं, फक्त इथे बसायलाच मिळत नाही. खाटा चाळीस आणि लेकरं त्र्याऐंशी. एका खाटेवर दोघं, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आणि उरलेली चटईवर. सकाळी कोणाचा पाय कोणाच्या तोंडात सापडेल, नेम नाही.

एल्सा मिसबाई इथल्या मुख्य. स्वीडनहून आल्या त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यांचं मराठी पुस्तकातलं आहे. लेकरांवर ओरडतानासुद्धा कृपा करून शांत व्हा म्हणतात. आईला ज्याची धास्ती आहे तसं काही नाही. प्रार्थनेला मी उभी राहते, पण डोळे उघडे ठेवून, कारण इतरांनी डोळे मिटले की मागच्या रांगेतले एकमेकांना चिमटे काढतात.

आता तुम्हाला आवडेल अशी गोष्ट. गेल्या गुरुवारी आंघोळी घालताना बुधरी नावाच्या चारेक वर्षांच्या पोरीच्या गळ्यात सालीची दोरी दिसली. तिला ओळीनं गाठीच गाठी. म्हटलं, सापडला गंडा! पोरगी दोरी मुठीत धरून बसली, पण मी कोणाची लेक आहे? एकेक गाठ नखानं सोडली. पंधराएक असतील, मोजल्या नाहीत. केवढी रडली म्हणून सांगू! साबण डोळ्यात गेला तेव्हा रडली नव्हती. लोकांनी सोडलेले गंडे-ताईत तुम्ही ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवता, त्यात भर म्हणून ती दोरी या पाकिटात घालते आहे.

कळावे. दोघांची माया आहे तशीच माझ्यावर राहू द्यावी.

आपली
कांता


वडसा
३१ ऑगस्ट १९८६

चि. कांतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, दोरीही पोचली. शाबास! तुझं पत्र मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या मुखरूभाऊंना, जे ऐकायला आले नव्हते, उसनी कुदळ परत द्यायला आले होते. मास्तराच्या घरी आलेला माणूस मोकळा जात नाही, हे त्यांना आता कळलं असावं.

यंदा दसऱ्याला आपल्या धम्मदीक्षेला तीस वर्षं पूर्ण होतात. विहारात माझं भाषण आहे. तुझी दोरी सगळ्यांना दाखवून सांगणार आहे, की पुढच्या पिढीनं हे काम कुठवर नेलं पाहा. तुझ्या आईचं म्हणणं मात्र वेगळंच. ती म्हणते, एकदा बदललो तेवढं पुरे झालं, पोरगी तिकून अजून काई बदलून नको येऊ म्हणा. मी तिला तुझ्या उघड्या डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा हसली. तब्येतीला जप. पाणी उकळून पी.

सदैव तुझं बरं चिंतणारा,
बाबा


बालगृह, ता. धानोरा
२८ सप्टेंबर १९८६

आदरणीय बाबांना सविनय जयभीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. सहा लेकरं गोवरानं आजारी होती. आता सगळी बरी आहेत आणि दुप्पट दंगा करतात.

त्या बुधरीचं मात्र मला काही कळत नाही. आंघोळीच्या त्याच दिवसापासून ती फाटकाशी जाऊन बसते. सकाळी उठली की फाटक. जेवायला उचलून आणावी लागते, दोन घास खाते आणि पुन्हा तिथेच. आमच्या स्वयंपाकीण गिरजाबाईंना गोंडी येतं. त्यांनी विचारलं, तर आई आज येणार आहे, एवढंच सांगते. गिरजाबाई म्हणाल्या, इथी सारेच लेकरं असंच म्हणतेत बाई, त्याचं काई मनावर नको घेऊ. पण बाकीची म्हणतात आणि खेळायला पळतात. ही उठत नाही. माझ्याकडे तर बघतही नाही.

रजिस्टरात तिच्या नावापुढे, आई सोडून गेली, असं लिहिलंय. आली त्या दिवशी गिरजाबाई तापानं घरी होत्या, त्यामुळे आई काय बोलली ते कोणालाच समजलं नाही. तीन महिने कोणी विचारायला आलं नाही की लेकराला नागपूरच्या मोठ्या गृहात पाठवायचं, असा नियम आहे. तिथे प्रत्येकाला वेगळी खाट आणि शाळा आहे, आणि तिथून काही लेकरं परदेशात दत्तकही जातात. १७ नोव्हेंबरला जीप जाणार. मिसबाईंच्या यादीत बुधरीचं नाव आहे. तिचं भलंच होईल, असं मी मनाला सांगते. पण मन ऐकत नाही, बाबा.

कळावे. चुकलंमाकलं पोटात घालून माया ठेवावी.

आपली
कांता


वडसा
१५ ऑक्टोबर १९८६

चि. कांतास आशीर्वाद.

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच.

परवा विहारात भाषण झालं. मी दोरी वर धरली आणि तुझं कौतुक सांगितलं. टाळ्याही पडल्या. तेवढ्यात बायकांमधून ठमाबाई उठल्या. तुला आठवतील, आपल्या मागच्या गल्लीतल्या. नवरा होता तोवर दोघं धानोऱ्याच्या आतल्या जंगलात लाकूडतोडीच्या कामावर दहा वर्षं होती. दोरी हातात घेऊन त्यांनी बोटांनी चाचपली आणि भर सभेत सांगितलं, की गुरुजी, हा गंडा-फंडा काई नाई, हे बाजार आहेत बाजार. तिकडच्या गावांत लग्नाचं आवतण द्यायचं तर गाठी मारलेली दोरी देतात, एक गाठ म्हणजे एक दिवस. आणि कोणी दूर जाणार असेल तर मागे राहणाऱ्याजवळ दोरी ठेवून जातो. दर बाजाराला एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की मी दारात हजर. एवढं सांगून त्यांनी मलाच विचारलं, की त्या पोरीचे दिवस काऊन सोडून टाकले तुमी.

कांता, मी शंभर माणसांसमोर रिकामा हात वर धरून उभा होतो. विश्वास ठेवण्याआधी विचारा, हे मी तीस वर्षं लोकांना सांगतो आहे. खोटं ठरवण्याआधीही विचारावं लागतं, हे मला कधी सुचलं नाही. तू माझ्याकडूनच शिकलीस, तेव्हा चूक अर्धी माझी.

पोरगी फाटकाशी का बसते, ते आता तुला कळलं असेल. तू एका सकाळी तिच्या सगळ्या गाठी सोडल्यास. तिच्या हिशेबानं आई त्याच दिवशी यायची होती.

साल वाळलेली असल्यानं जिथे गाठ होती तिथे दोरी अजून वाकडी आहे. ती वळणं मी भिंग लावून मोजली. सोळा नक्की आहेत. सतरावं वळण ठमाबाईंना दिसतं, मला दिसत नाही. मी सोळा गाठी पुन्हा मारल्या. सतरावी ठमाबाईंनी मला न विचारता स्वतः मारून टाकली. पटत नसेल तर सोड. दोरी बसचे कंडक्टर पोचूभाऊ यांच्या हाती देतो आहे. पोरगी कोणत्या दिवशी आली ते रजिस्टरात बघ आणि तिथून मोज.

तुझा,
बाबा


बालगृह, ता. धानोरा
२७ ऑक्टोबर १९८६

आदरणीय बाबांना जयभीम, वि. वि.

पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि मग खाली बसले. खूप रडले. गिरजाबाईंनी तोंडावर पाणी मारायला लावलं.

बुधरी आली २५ जुलैला, शुक्रवारी, म्हणजे इथल्या बाजाराच्या दिवशी. तेव्हापासून तेरा बाजार झाले. तेरा गाठी सोडल्या, चार राहिल्या. तुमच्या तीन आणि ठमाबाईंची एक. ठमाबाईंची सोडायची हिंमत मला झाली नाही. गिरजाबाईंनी बुधरीला गोंडीत सगळं समजावलं, की या ताईनं चुकून सोडल्या होत्या, अजून एवढे बाजार बाकी आहेत. तिनं दोरी घेतली, हुंगली, गाठींवरून बोट फिरवलं आणि उठून स्वयंपाकघरात जेवायला गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपल्या पायानं. माझ्याशी बोलली नाही ती नाहीच.

मिसबाईंनाही जाऊन सगळं सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या लहानपणीचं सांगितलं. त्यांच्याकडे नाताळच्या आधी पुठ्ठ्यावर छोट्या छोट्या खिडक्या असतात, रोज एक उघडायची. एका वर्षी त्यांच्या भावानं सगळ्या एकाच दिवशी उघडून टाकल्या आणि त्या दोन दिवस रडत होत्या. त्यांनी मान्य केलंय, की तुमच्या सोळाव्या गाठीपर्यंत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत थांबू. त्यानंतरच्या सोमवारी जीप. तिच्या खाटेच्या वाट्यासाठी बाहेर दोन लेकरं थांबली आहेत, हे त्या म्हणतात तेही खोटं नाही.

कळावे. इकडे लक्ष आणि माया असू द्यावी.

कांता


बालगृह
१५ नोव्हेंबर १९८६

आदरणीय बाबांना जयभीम.

काल बाजार झाला. कोणी आलं नाही. बालदिनाचे लाडू वाटले, बुधरीनं तिचा खाल्ला नाही, फडक्यात बांधून ठेवला. परवा जीप. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगू?

कांता


बालगृह, ता. धानोरा
२३ नोव्हेंबर १९८६

आदरणीय बाबांना आणि आईला सविनय जयभीम, वि. वि.

बाबा, तुम्ही हरलात! ठमाबाईंना माझा जयभीम सांगा आणि त्यांच्या पाया पडा, तुम्हाला आवडत नसलं तरी.

सगळं नीट सांगते. सोमवारी जीप लागली. मी मिसबाईंच्या टेबलावर दोरी ठेवली. एक गाठ शिल्लक होती. म्हटलं, या गाठीची माझ्या वडिलांना खात्री नाही, पण ठमाबाईंना आहे. ठमाबाई कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाचता न येणारी एक म्हातारी बाई आहे, पण आम्हा शिकलेल्यांपैकी कोणाला ही दोरी वाचता आली नाही. मिसबाईंनी यादीतलं बुधरीचं नाव खोडलं, पण पेन्सिलीनं. वर अट घातली, की बाहेरच्या दोघांना माझी खाट द्यायची. दिली. तेव्हापासून मी आणि बुधरी एका चटईवर झोपतो, ती माझ्याकडे पाठ करून.

परवा शुक्रवारी दुपारी तिची आई आली. पाठीशी तान्हं बांधलेलं, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता, नवरा आजारी, आणि नाले भरले की त्यांच्या गावाची वाट बंद होते. धान निघेपर्यंत निदान एक लेकरू इथे जेवेल, म्हणून तिनं बुधरीला ठेवलं होतं. सोडून गेली नव्हती हो! आणि आम्ही रजिस्टरात शाईनं लिहून ठेवलं होतं. मिसबाईंनी आता ती ओळ स्वतःच्या हातानं बदलली.

बुधरी धावत गेली नाही. बसल्या जागी तिनं दोरी पुढे केली. आईनं कमरेची स्वतःची दोरी काढली. तशीच, आणि तिलाही एकच गाठ. दोघींनी फाटकाशी मातीत बसून आपापली गाठ सोडली, आणि मग पोरीनं जे भोकाड पसरलं, की गिरजाबाईंसकट आम्ही सगळ्या रडलो. फडक्यातला लाडू तिनं आईच्या हातावर ठेवला.

मी गिरजाबाईंकडून माझी चूक त्या आईला सांगितली आणि माफी मागितली. दोरीवरची जुनी वळणं तिनं निरखून पाहिली आणि विचारलं, की या दोरीनं बैल कोणी बांधला होता. मी म्हटलं, त्या गाठी माझ्या बाबांनी मारल्या. तेव्हा ती हसली. शेवटची गाठ तेवढी माणसानं मारली होती, म्हणाली. मग दोन्ही दोऱ्या एकत्र पिळून तिनं गाठोडं बांधलं आणि ओंजळभर तांदूळ माझ्या पदरात टाकून निघाली. बुधरीनं जाताना मागे वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, पण तिचं काही चुकलं असं वाटलं नाही.

एक विचारायचं आहे. चार महिन्यांचं ठरलं होतं, पण मला मार्चअखेरपर्यंत इथेच राहू द्याल का? इथल्या प्रत्येक लेकराची रजिस्टरातली ओळ गिरजाबाईंना सोबत घेऊन पुन्हा विचारून लिहायची, असं मिसबाईंनी आणि मी ठरवलं आहे. आणखी कोणाची आई आम्ही पळवून लावली आहे, कोण जाणे. आईला तुम्हीच समजवा.

कळावे. लांब असले तरी माया कमी होऊ देऊ नये.

आपली
कांता


वडसा
३० नोव्हेंबर १९८६

चि. कांतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. ठमाबाईंच्या पाया पडायला गेलो तर त्या आधी घाबरल्या, मग हसल्या, मग त्यांनी चहा पाजला. माझ्या गाठींना त्या बाईनं जे नाव ठेवलं ते मात्र तू लिहायला नको होतंस. गल्लीत सगळे आता मला बैलबांधे गुरुजी म्हणून राह्यले आहेत.

तुला राहायचंय तर राहा. नोकरीची ऑर्डर आली तर कळवीन. तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती भांडी घासायला निघून गेली, म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मी सुतळी काढून गाठी मारायला बसलो, दर रविवारी एक सोडायची म्हणून. २९ मार्चपर्यंत मोजल्या तर नेमक्या सतरा भरल्या. सोळा मारून झाल्या तेव्हा ती ओल्या हातानं बाहेर आली, माझ्या हातातली सुतळी ओढून घेतली आणि सतरावी गाठ तिनं स्वतः आवळली. एवढी घट्ट, की ती सुटायची कशी हा प्रश्नच आहे. तसं म्हटलं, तर म्हणाली, ही गाठ तुमी सोडायची नाई. कांता दारात उभी राह्यली, का मीच सोडीन.

सुतळी गंडे-ताइतांच्या डब्यात ठेवलेली नाही, दाराच्या खिळ्याला टांगली आहे. येता-जाता तिचा हात तिथे जातो.

तुझा,
बाबा