मागे तोंड करून बसायची सीट

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा बोटदुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिही म्हणून माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आहे तो लिहू नये म्हणून. वहिनी मघाशी येऊन म्हणाली, "भावजी, असलं अभद्र खरडत बसण्यापेक्षा चार घास खा." उद्या मी इस्पितळात दाखल होणार असून परवा माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, आमचं रोजचंच ऑपरेशन आहे. त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. खोली भाड्याची आहे, ती कोणाला देता येत नाही. बँकेत जे काही असेल ते वहिनीला. दादाला नको. त्याच्या हातात पैसा टिकत नाही, हे तोही हसत हसत कबूल करतो.

कलम २. रंधे, क्लॅम्प, सँडर आणि ड्रिल शेडमधल्या रंगाऱ्याला द्यावेत, कारण तो वापरलेली वस्तू पुसून जागेवर ठेवतो. फळी सपाट बसली की कलली ते दाखवणारी पाणसळ मात्र वहिनीला. तिच्या ओट्यावरची फळी दादाने ठोकलेली आहे.

प्लायवुडवाल्याला काहीही नाही. त्याने पाण्यात टिकणारे मरीन प्लाय म्हणून मला साधे प्लायवुड दिले. वहिनीच्या पातेल्यात मी त्याचा तुकडा उकळून पाहिला, तर पापुद्रे सुटून वर आले. पातेलेही गेले. त्या माणसाला मी माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही.

कलम ३. स्की-बोट. हे कलम लांबणार आहे.

बोट मूळची आतोबांची, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांची. दोघे मिळून तलावावर स्की शिकवत. शिकणारा पायांत स्की घालून दोरी धरतो आणि बोट त्याला पाण्यावरून ओढत नेते. आतोबा स्टिअरिंगवर बसून पुढे बघत. चालवणाऱ्याला मागचे दिसत नाही, म्हणून शेजारच्या सीटवर आत्या मागे तोंड करून बसे. शिकणाऱ्याची खूण बघून ती आतोबांच्या खांद्यावर थाप मारी. एक थाप म्हणजे वेग वाढवा, दोन म्हणजे कमी करा. उलट दिशांना तोंडे करून इतका सुखाचा संसार केलेले दुसरे जोडपे मला माहीत नाही. मी लहानपणी काठावरून बघत असे. 'पडला' हे आत्या आधी म्हणायची, माणूस नंतर पडायचा. तेवढ्यात आतोबांनी बोट वळवायला घेतलेली असे. मला अजूनही कळलेले नाही की तिला ते दोरीवरून कळे, गुडघ्यांवरून, की चेहऱ्यावरून. विचारले तर म्हणते, "बघत राहायचं, झालं."

आतोबा गेल्यावर बोट ताडपत्रीखाली पडून होती. आत्याने ती माझ्या नावावर करून दिली. मी तळ उघडला तेव्हा आतली लाकडे ओल्या पावासारखी हातात आली. ती सगळी बदलली आहेत. नवी फळी बसली आहे, इंजिन चालू होते. राहिल्या आहेत फक्त सीट.

सीटवरूनच घरात जुंपली आहे. दादा म्हणतो, "आठ जणांची बाकं टाक. तलावाला चक्कर मारायची, तिकीट लावायचं. एका माणसाला उलटं बसवून काय पदरात पडणार?" आठ जण बसले तर बोट मागून इतकी दबेल की तिच्यामागची लाट स्की करणाऱ्याला आडवे पाडेल. मग ती स्की-बोट राहणार नाही, तरंगती बैलगाडी होईल.

जागा ठरवायला मी आत्याला शेडमध्ये बोलावले. ती मोकळ्या बोटीत रंगाच्या पालथ्या डब्यावर मागे तोंड करून बसली. मी डबा सरकवत होतो.

"अजून पुढे घे. अरे, गुडघे लागतात माझे इंजिनाच्या झाकणाला."

"आता?"

"आता दोरी दिसते, माणूस नाही दिसत. दोरीला शिकवू का?"

मी डब्याखाली फळ्या घातल्या. तिने मान डोलावली. मग तिचा डावा हात आपोआप बाजूला गेला आणि हवेत राहिला.

"बस तिकडे," ती म्हणाली.

मी स्टिअरिंगच्या जागी बसलो. हात माझ्या खांद्यावर आला.

"हं. इथे खडूने खूण कर."

ती खूण बोटीत आहे. दादाने झाडू मारू नये. चालवणाऱ्याची एक, शेजारी ही उलटी एक, मागे दोघांपुरते बाक, यापलीकडे एकही सीट नको. अशी ही बोट मी आत्याला देत आहे.

कलम ४. वर न आलेले सर्व काही दादाला.

कलम ५. साक्षीदारांविषयी. वकीलबाईंनी बजावले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे मिळणे बाद होते. म्हणून मी शेजारचा टर्नर आणि घरमालक यांना बोलावले. दोघांना काही ठेवलेले नाही, राग नसावा. घरमालक येण्याआधी आत्या आली. तिने चष्मा लावून सगळे वाचले, पेन घेतले आणि पहिल्या साक्षीदाराच्या जागी सही केली.

"आत्या, तिथे नको! तुझी बोट जाईल!"

"वाचता येतं मला."

"मग ती दादाकडे जाईल. आठ बाकं टाकेल तो!"

"टाकेल की. ओरडू नकोस, झडप सांभाळ. बोट घेऊन मी काय करू? मी जन्मभर मागे बघत आले. चालवणार कोण? दादाला द्यायची नसेल तर नीट परत ये आणि बस स्टिअरिंगवर."

मी नवा कागद काढला. ती म्हणाली, "किती काढशील तितक्यांवर सही करीन." टर्नर हसला आणि तिच्याखाली त्याने सही केली.

हे कलम मी सह्यांच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहून दोघांना वाचून दाखवले आणि माझ्यासह तिघांच्या सह्या पुन्हा घेतल्या.

सबब, कलम ३ बाद झाले आहे. मी परत न आल्यास कलम ४ प्रमाणे बोट दादाकडे जाईल. ते मला मान्य नाही.

ठिकाण: बोटीची शेड
दिनांक: ९ ऑक्टोबर, दुपारी

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार:
(सही) आत्या, स्वखुशीने
(सही) शेजारचा टर्नर